डॉट टॉप, डॉट आयसीयूवाल्या मेलांना सरसकट कुलूप लावावं का?

कुपवाडचा पोस्टमास्तर | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद-बेदाणा निर्यात करणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून मेल सर्व्हरपर्यंत. सर्व्हर आमचा स्वतःचा आहे. डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स हा मेलचा प्रोग्रॅम, साठेक खाती. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या ऑफिसात पाणी शिरलं, तेव्हापासून तो कुपवाडला वरच्या मजल्यावर आहे. पाण्यापासून वाचला, पण आता स्पॅममध्ये बुडालाय.

पार्सल कस्टममध्ये अडकलंय, मेलबॉक्सची जागा संपली, गुडघेदुखीवर जपानी उपाय, असला सगळा माल. गेल्या आठवड्यात आमच्या अकाउंट्सच्या मॅडम अशाच एका पानावर पासवर्ड टाकायला निघाल्या होत्या. शेजारच्या टेबलवरच्या पोराचं लक्ष गेलं म्हणून वाचल्या.

महिन्याभराचा लॉग उपसला तर बहुतेक घाण ठरावीक शेपटांच्या पत्त्यांवरून येतेय. डॉट टॉप, डॉट आयसीयू, डॉट क्लिक, डॉट एसबीएस, डॉट सीएफडी, डॉट बझ. आमच्या एकाही गिऱ्हाइकाच्या पत्त्याला असलं शेपूट नाही. मालकांना दाखवलं तर म्हणाले, "मग शेपूट बघूनच हाकल की."

हाकलू का? कोणी केलंय का असं? काही उलटलं का?

वारणाकाठ | सोमवार, रात्री १०.४१

हाकला की मास्तर, विचारताय कशाला. मी तर म्हणतो उलटं करा. डॉट कॉम, डॉट इन, डॉट नेट, डॉट ऑर्ग एवढी चार घरं उघडी ठेवा आणि बाकी सगळ्या दुनियेला कुलूप. आमच्याकडं दुसऱ्या कुठल्या शेपटाचं कोण येतंय? आमचं होस्टिंग सीपॅनलवर हाय, तिथं मी तसलाच फिल्टर टाकलाय. दोन वर्षं झाली, झोप शांत लागतीय.

सातारी कंदी | सोमवार, रात्री ११.०५

वारणाकाठ, निर्यातदाराला हा सल्ला? हळदीचं गिऱ्हाईक जर्मनीत असेल तर डॉट डीई, हॉलंडमध्ये असेल तर डॉट एनएल, दुबईत असेल तर डॉट एई. चार घरांच्या हिशेबात मास्तरांचा निम्मा धंदा दाराबाहेर राहील. आणि सांगली जिल्ह्यात बसून डॉट को-ऑप विसरलात? खास सहकारी संस्थांसाठीच ते शेपूट आहे आणि या नव्या पिकाच्या दहा-बारा वर्षं आधीपासून आहे.

वारणाकाठ | सोमवार, रात्री ११.०९

ताई, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा पत्ता याहूवर हाय. पण मुद्दा कळला.

रेगेक्सराव | मंगळवार, सकाळी ७.५०

मास्तर, आधी एक सांगा. शेपूट तुम्ही नेमकं कुठं बघितलं? मेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पाकिटावरचा, सर्व्हर-सर्व्हर बोलताना 'मेल फ्रॉम' म्हणून सांगितला जातो तो. दुसरा आतल्या कागदावरचा, 'फ्रॉम' ओळीत वाचणाऱ्याला दिसतो तो. दोन्ही एकच असायला हवेत असा नियम नाही. पोस्टफिक्सची चेक सेंडर ॲक्सेस ही तपासणी फक्त पाकीट वाचते. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेतून आलेल्या स्पॅमच्या पाकिटावर सेवेचा सभ्य डॉट कॉम पत्ता असतो आणि आत डॉट टॉप. तो तुमच्या कुलपाला बघून हसत आत जाईल. आतला कागद तपासायला हेडर चेक्स वेगळे लावावे लागतात.

हे माहीत असूनही करायचं असेल तर ओळ अशी. इथं रोमन लिपी चालत नाही म्हणून देवनागरीत लिहितोय, फाइलीत अर्थातच इंग्रजी अक्षरं:

/\.(टॉप|आयसीयू|क्लिक|बझ)$/ रिजेक्ट

टिंबाआधीची उलटी रेघ आणि शेवटचा डॉलर विसरू नका. उलट्या रेघेविना टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. डॉलर म्हणजे 'पत्ता इथंच संपला पाहिजे'. शिवाय डेबियनवर असले नमुने वाचणारं पोस्टफिक्स-पीसीआरई हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर सर्व्हर नियम वाचूच शकत नाही आणि चांगल्या मेललाही 'नंतर या' सांगत बसतो.

कुपवाडचा पोस्टमास्तर | मंगळवार, दुपारी १२.१५

रेगेक्सराव, तुमचं उत्तर मी दोन तास उशिरा वाचलं.

रात्री वारणाकाठांचा प्रतिसाद वाचून जोर चढला. झोपायच्या आधी घरूनच नियम टाकला. सकाळी आमच्या खरेदी विभागाला नव्या लॅपटॉपांचं कोटेशन येणार होतं. आलं नाही. त्या माणसाने तीनदा पाठवलं, तीनदा परत गेलं, शेवटी तो स्वतः छापील कागद घेऊन गेटवर हजर. त्याच्या डोमेनच्या नावातच लॅपटॉप आहे. आणि माझी ओळ होती:

/.टॉप/

रेगेक्सराव | मंगळवार, दुपारी १२.२२

लॅपटॉप, डेस्कटॉप, रूफटॉप, टेबलटॉप, सगळे कापले गेले असणार. नशीब समजा डॉट इन असं बंद करायला निघाला नव्हतात. 'ॲडमिन'मधला 'मिन'सुद्धा पकडला असता.

नियम लावण्याआधी पोस्टमॅप या आज्ञेला उणे क्यू देऊन तपासत जा. एकेक पत्ता विचारायचा, नियम त्यावर काय म्हणतो ते पडद्यावर दिसतं. दहा चांगले पत्ते आणि दहा वाईट पत्ते विचारा, मग रीलोड.

जाता जाता: बाकी ठिकाणच्या सवयीने नमुन्याच्या शेवटी 'आय' लावू नका. पोस्टफिक्समध्ये लहान-मोठी अक्षरं मुळातच सारखी धरतात, 'आय' ते बटण उलटं फिरवतं. म्हणजे लावलं की नियम उलट अक्षराच्या आकाराबाबत हट्टी होतो. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

जुना मोडेम | मंगळवार, दुपारी ३.३०

चर्चा छान चाललीय. ही शेपटांची जत्रा कुठून आली ते तरुण मंडळींसाठी सांगतो.

आम्ही विदेश संचार निगमच्या डायलअपवर बसायचो तेव्हा शेपटं हाताच्या बोटांवर मोजता यायची. पुढं या शेपटांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने २०१२ च्या जानेवारीत दरवाजे उघडले. ज्याला नवं शेपूट चालवायचंय त्याने अर्ज करावा, एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर. अर्ज आले १,९३०. (आपल्याकडे सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबरही १९३०च आहे. योगायोग, पण मला दर वेळी हसू येतं.) २०१३ च्या ऑक्टोबरपासून नवी शेपटं चालू व्हायला लागली ती बघता बघता हजारावर गेली.

एवढा पैसा घालून दुकान मांडलं की गिऱ्हाईक ओढावं लागतं. मग पहिल्या वर्षाला डोमेन चहाच्या किमतीत. दुसऱ्या वर्षी दर चढतो, पण स्पॅमवाल्याला दुसऱ्या वर्षाशी देणंघेणंच नसतं. तो शेकड्याने नावं घेतो, दोन-चार दिवस वापरतो, बदनाम झाली की टाकून देतो. बाजारात पत्रावळ्या घ्याव्यात तसं.

त्याच्याही आधीचा फुकटचा प्रकार म्हणजे डॉट टीके. टोकेलाऊ नावाची प्रशांत महासागरातली बेटं, वस्ती जेमतेम दीड हजार, आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. पण फुकट वाटल्यामुळे त्यांचं शेपूट एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक होतं. डॉट एमएल, डॉट जीए, डॉट सीएफ, डॉट जीक्यू ही डॉट टीके फुकट वाटणाऱ्या कंपनीच्याच दुकानातली. २०२३ मध्ये त्या दुकानाने नवी नोंदणी थांबवली आणि पुढच्या वर्षी धंदाच गुंडाळला. म्हणून म्हणतो, २०१८ साली कोणीतरी बनवलेली 'वाईट शेपटांची यादी' उतरवून घेऊ नका. उकिरडे जागा बदलतात. डॉट टॉप चालवणाऱ्या चिनी कंपनीला २०२४ च्या जुलैत आयकॅनने नोटीस दिली, फिशिंगच्या तक्रारींवर हालचाल करत नाही म्हणून. उद्या तिथं साफसफाई झाली तर हीच टोळी दुसऱ्या गल्लीत जाईल.

बेदाणे सौदा | मंगळवार, सायंकाळी ५.१२

मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारू का. तासगावला आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. भाच्याने गेल्या दिवाळीत वेबसाइट करून दिली, नाव ९९ रुपयांत मिळालं म्हणाला. शेवटी डॉट शॉप आहे. तर मी पण उकिरड्यातला का?

वारणाकाठ | मंगळवार, सायंकाळी ५.१५

अण्णा, माझ्या फिल्टरमध्ये तुमी हायसा.

बेदाणे सौदा | मंगळवार, सायंकाळी ५.२०

म्हणजे गेल्या महिन्यात पाठवलेली दिवाळीची शुभेच्छा तुम्हाला पोचलीच नाही?

तंबोरा | मंगळवार, रात्री ९.४८

हा धागा दोन दिवस गप्प वाचत होते. आता राहवत नाही.

आमचं घर मिरजेचं, तंबोरे आणि सतारी करणारं. भोपळा पंढरपूरकडून येतो, लाकूड येतं, घासायचं काम माझे काका अजून हाताने करतात. परदेशातले बरेच गाणारे-वाजवणारे थेट आमच्याशी बोलून वाद्य करून घेतात. मेलचं काम माझ्याकडे. आमच्या होस्टिंगवरही कोणीतरी 'स्पॅम कमी करतो' म्हणून वारणाकाठांसारखा फिल्टर टाकून ठेवला होता. कोणी, कधी, मला आजही सांगता येणार नाही.

युरोपातल्या एका बाईंना बायकी सुरातला तंबोरा हवा होता. त्यांनी मेल पाठवलं. उत्तर नाही. पंधरा दिवसांनी परत पाठवलं. उत्तर नाही. त्यांचा पत्ता डॉट स्टुडिओ होता, कारण त्यांचा खरंच स्टुडिओ आहे. चार महिन्यांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, तुमच्याकडे काम बंद झालं का? तोपर्यंत त्यांनी दुसरीकडून वाद्य घेतलं होतं. काकांना हे सांगताना मला तोंड वर करवलं नाही.

मेल अडवलं याचा राग मी गिळला असता. राग याचा आहे की त्या बाईंना कोणी सांगितलंच नाही. फिल्टर मेल घ्यायचा आणि गुपचूप फेकून द्यायचा. त्यांच्या बाजूने मेल पोचलं होतं. आमच्या बाजूने आलंच नव्हतं. मधल्या मध्ये ते गेलं कुठं, हे विचारायलाही कोणाला कारण नव्हतं.

वारणाकाठ, दोन वर्षं शांत झोप लागतेय म्हणालात. तुमचं काय काय गेलं ते तुम्हाला कळणार कसं?

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

(प्रतिसाद लिहून पुसला.) उद्या बघतो.

चिकित्सक | बुधवार, सकाळी ९.००

मुळात आजच्या काळात स्वतःचा मेल सर्व्हर हवाच कशाला? गूगल किंवा मायक्रोसॉफ्टला पैसे द्या आणि मोकळे व्हा.

कुपवाडचा पोस्टमास्तर | बुधवार, सकाळी ९.२५

साठ खाती गुणिले महिन्याचं भाडं करून मालकांना दाखवलं होतं. त्यांनी कॅल्क्युलेटर परत माझ्याकडे सरकवला. तो धागा वेगळा काढा, मीही येईन भांडायला.

सातारी कंदी | बुधवार, दुपारी १.१०

तंबोराताईंनी दुखती नस दाबलीय. मी एका सहकारी बँकेच्या आयटीत आहे, माझा अनुभव सविस्तर मांडते. मास्तर, हा जरा सावकाश वाचा, रात्री झोपायच्या आधी काही टाकू नका.

मेल नाकारायचं असेल तर समोरचा सर्व्हर अजून फोनवर आहे तोवर, म्हणजे एसएमटीपीचं (दोन मेल सर्व्हरांमधलं) बोलणं चालू असताना, ५५० म्हणून तोंडावर नाकारायचं. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हरच त्याला कळवतो की तुझं मेल गेलं नाही. खरा माणूस असेल तर तो फोन करतो, दुसऱ्या पत्त्यावरून पाठवतो. स्पॅमवाला परत आलेलं वाचत नाही. एकदा 'घेतलं' म्हणून २५० दिलं की जबाबदारी तुमच्या गळ्यात. त्यानंतर गुपचूप फेकलं तर तंबोराताईंसारखं होतं. आणि घेऊन मागाहून परत पाठवायला गेलात तर स्पॅममधला फ्रॉम पत्ता बहुतेक वेळा चोरीचा असतो, परत गेलेलं मेल भलत्याच गरिबाच्या डोक्यावर पडतं. मग तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत.

पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडी रिजेक्ट फुटर नावाची सोय आहे, २.८ पासून. नाकारताना जो मजकूर जातो त्याच्या शेपटीला आपलं वाक्य जोडता येतं. आम्ही तिथं बँकेचा लँडलाइन टाकलाय. महिन्यातून दोन-तीन फोन येतात, बहुतेक खरे असतात.

शेपटाचं म्हणाल तर आम्ही त्याला गुण देतो, फाशी देत नाही. आरस्पॅमडी हा स्पॅमला गुण देणारा प्रोग्रॅम वापरतो. त्याच्या ठेवणीत चार गुणांवर 'थोड्या वेळाने या', सहावर स्पॅमचा शिक्का आणि पंधरावर सरळ नकार. त्यात संशयित शेपटाला आम्ही तीन गुण लावलेत. नुसत्या डॉट टॉपने कोणी मरत नाही. पण डॉट टॉप, वर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावं त्याची यादी) नापास, वर मजकुरात लपवलेली लिंक, अशी बेरीज झाली की पंधरा व्हायला वेळ लागत नाही. त्याच कामाचा स्पॅमॲसॅसिन वापरणाऱ्यांकडे तर संशयित नव्या शेपटांसाठी तयार नियम येतोच, वेगळं काही लिहायला नको.

आणि शेपटाच्या आधी दारावरचे सोपे प्रश्न विचारा. ज्या आयपीला (सर्व्हरच्या आकडी पत्त्याला) उलटं नावच नाही, म्हणजे आकड्यावरून नाव सापडत नाही, त्याला आत घेऊ नका. पोस्टफिक्समध्ये याच्या दोन पातळ्या आहेत. 'अननोन रिव्हर्स क्लायंट होस्टनेम'वाली सौम्य आहे, ती लावा. 'अननोन क्लायंट होस्टनेम' ही कडक बहीण आहे. ती नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळायला हवं म्हणते, आणि आपल्याकडच्या निम्म्या छोट्या कंपन्या त्यात आपटतात. हेलो म्हणताना जो सर्व्हर स्वतःचं पूर्ण नाव सांगत नाही तोही बाहेर. माझ्याकडे एवढ्यानेच शेपूटवाल्यांपैकी पुष्कळ जण दारातून परत गेले, शेपटाकडे बघायची वेळच आली नाही.

नवा नियम लगेच चालू करू नका. आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' लावा. मेल आत येतं, पण 'हे मी नाकारलं असतं' अशी नोंद लॉगमध्ये पडते. दोन आठवडे रोज चहाबरोबर ती नोंद वाचायची. त्यात 'अरे, हा तर आपला माणूस' असं जेवढ्या वेळा वाटेल तेवढ्या वेळा तुम्ही वाचलात.

रेगेक्सराव | बुधवार, दुपारी १.४०

सहमत. एकच भर: आपल्या माणसाला सवलत देताना नियमांच्या टेबलात 'ओके' (सरळ आत घे) लिहू नका, 'डनो' (पुढचे नियम बघ) लिहा. मेल कोणाला जातंय ते तपासणाऱ्या रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्समध्ये परक्या पत्त्यांना अडवणाऱ्या ओळीच्या वर 'ओके' पडला आणि रिलेचे (परक्याचं मेल पुढं पाठवायचे) नियम वेगळे लावलेले नसले, तर तो पत्ता खोटा सांगणारा कोणीही तुमच्या सर्व्हरवरून जगाला मेल पाठवू शकतो. स्पॅम अडवायला गेलात आणि स्पॅमचं गोडाऊन झालात.

जुना मोडेम | बुधवार, सायंकाळी ६.०५

सातारीबाईंनी काळी यादी म्हटलं तशी माझी जखम आठवली. चूक शंभर टक्के माझी.

स्पॅमहाउस या संस्थेची झेन नावाची काळी यादी आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. एका शनिवारी नेट हळू चालतंय म्हणून सर्व्हरचा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) मी गूगलच्या चार आठांवर, म्हणजे ८.८.८.८ वर, वळवला आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी सगळ्या कारखान्यात शांतता. एकही मेल नाही. पहिला तासभर लोक खूश होते.

झालं होतं असं. सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर स्पॅमहाउस यादीचं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा 'चूक झाली' असा संकेत देतं. पोस्टफिक्सला एवढंच कळतं की उत्तर आलं म्हणजे नाव यादीत आहे. म्हणून त्याने जो येईल त्याला हाकललं. जीमेल, सरकारी पत्ते, कोणी सुटलं नाही. उपाय दोन: सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवा, आणि नियमात '१२७.०.०.[२..११] असेल तरच' अशी अट घाला. फुकट वापराला मर्यादा आहेत, त्याही वाचून घ्या.

पण तंबोराताईंचं म्हणणं इथं पटतं. ती मेलं ५५० ने नाकारली गेली होती, म्हणून सोमवारी दुपारपर्यंत चाळीस लोकांचे फोन आले. गिळली असती तर बुधवार उजाडला असता.

आणि ते 'एक्सएन आणि दोन आडव्या रेघा'वाले सगळे पत्ते बंद करा, असा एक सल्ला फिरत असतो, परक्या लिपीतले फसवे पत्ते म्हणून. आपलं डॉट भारत पोटात त्याच रूपात असतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत सुरू झालं. वापरणारे थोडे, पण मराठी माणसाने मराठी पत्ता घेतला आणि सांगलीच्या सर्व्हरने तो चिनी समजून हाकलला, हे काही बरं दिसत नाही.

वारणाकाठ | बुधवार, रात्री ९.१५

फिल्टर काढला. काढायच्या आधी कुठं काही साठलंय का बघितलं. काही नाही, 'डिस्कार्ड'वर होता. दोन वर्षांचं सगळं गेलं.

तंबोराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते.

आता तेच नियम 'स्पॅम फोल्डरमध्ये टाका' असे केलेत. शेअर्ड होस्टिंगवर यापलीकडं माझ्या हातात काय नाही.

तंबोरा | बुधवार, रात्री ९.२२

तेवढं पुरे आहे. आठवड्यातून एकदा फोल्डर उघडा म्हणजे झालं.

चिकित्सक | गुरुवार, सकाळी ८.४०

एक प्रश्न, या वेळी भांडायला नाही. एवढं करून ज्याची खरी भीती आहे ते अडतं का? आमच्या ओळखीतल्या एका द्राक्ष निर्यातदाराला 'आमचं बँक खातं बदललंय' असं मेल आलं, गिऱ्हाइकाच्या नावाने. पत्ता डॉट कॉमच होता. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. मोबाईलवर कोणाला दिसणार? कंटेनरचे पैसे अडकले असते, कोणीतरी जुन्या नंबरवर फोन करून विचारलं म्हणून वाचले.

सातारी कंदी | गुरुवार, सकाळी १०.३०

नाही अडत. जगात डॉट कॉमची नावं पंधरा कोटींच्या वर आहेत, तेव्हा एकूण घाणीतला मोठा वाटा तिथूनच येतो. डॉट टॉपमध्ये शंभरातले किती वाईट हे प्रमाण जास्त आहे, एवढंच. आणि जीमेलवरून फुकट खातं काढून 'चेअरमन साहेब' नाव लावणाऱ्याचं शेपूट निर्मळच असतं.

बँकांपुरतं थोडं बरं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ते नाव ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. त्यामुळे मी आमच्या शाखांना सांगते, 'बँकेकडून' म्हणून आलेल्या मेलचं शेपूट बघा. इथं शेपूट खरंच कामाला येतं, पण उलट्या बाजूने. कोण वाईट ते त्यावरून ठरवू नका, कोण खरा ते ओळखा. पैशाचं खातं बदललं की मात्र फोन, तोही आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर.

कुपवाडचा पोस्टमास्तर | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.१०

केलेल्या कामाचा जमाखर्च.

वॉर्नवर पंधरा दिवस चालवलं. रोज सकाळी नोंदी वाचल्या. शेपटाच्या नियमाने जे नाकारलं असतं त्यात बहुतेक कचराच होता, मालक बरोबर होते. पण तीन नोंदी अशा निघाल्या की अंगावर काटा आला. एक डॉट एक्सवायझेड, मला वाटायचं ते सगळं भुरटं, पण गूगलची मातृकंपनी अल्फाबेटसुद्धा २०१५ पासून त्याच शेपटावर बसलीय. आमच्या नोंदीतला माणूस हळदीचा नमुना मागत होता. दुसरी आमच्याच सॉफ्टवेअरवाल्याची नवी बिलिंग सेवा. तिसरं कोणाचं ते खाली सांगतो.

आता आरस्पॅमडी बसवलाय. डॉट टॉप, आयसीयू, एसबीएस, सीएफडीला चार गुण, बाकी संशयितांना दोन. उलटं नाव नसलेले दारातच बाद. डीएनएस स्वतःचा, मोडेमकाकांच्या कृपेने. लॉग १८० दिवस ठेवतोय, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशात तसं आहेच. ग्रेलिस्टिंगने एकदा दगा दिला. वीस तारखेला जीएसटी भरताना ओटीपीच्या मेलला माझ्या सर्व्हरने 'थोड्या वेळाने या' सांगितलं, आणि अकाउंट्सच्या मॅडमनी मला जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. ओटीपी पाठवणाऱ्यांना त्यातून वगळलं.

रिजेक्ट फुटरमध्ये आमच्या ऑफिसचा नंबर टाकलाय. मालकांनी विचारलं, स्पॅमवाल्यांनी फोन केला तर? म्हटलं, साहेब, तेवढी मेहनत घेणारा असेल तर त्याला सेल्समध्ये घेऊ.

स्पॅम संपला का? नाही. दिवसाला प्रत्येक खात्यात दोन-तीन येतातच, आणि ते आता डॉट कॉमवरून येतात. पण मॅडमच्या खात्यात पार्सलवाला पुन्हा दिसला नाही.

बेदाणे सौदा | शनिवार, सायंकाळी ६.३३

मास्तर, हळद-बेदाणा निर्यात, कुपवाड, म्हणजे तुमची कंपनी कुठली ते मला कळलं बहुतेक. काल तुमच्या खरेदीला हिरव्या बेदाण्याचं कोटेशन पाठवलं होतं. ते परत आलं. इंग्रजीत काहीतरी ५५० लिहिलंय.

कुपवाडचा पोस्टमास्तर | शनिवार, सायंकाळी ६.४०

तिसरं मेल तुमचंच होतं अण्णा, वॉर्नच्या काळातलं. तेव्हा सुटलं, आता अडकलं. आत्ता लॉग उघडलाय. डॉट शॉपचे दोनच गुण आहेत, ते माफ. पण तुमच्या भाच्याने डोमेनच्या एसपीएफमध्ये जुन्या होस्टिंगचा पत्ता तसाच ठेवलाय आणि मेल जातंय भलतीकडून. डीकेआयएमची, म्हणजे डोमेनची डिजिटल, सही नाही. वर कोटेशन म्हणून नुसता एक फोटो, मजकूर एक ओळ नाही. बेरीज पंधराच्या वर गेली. गूगलने २०२४ च्या फेब्रुवारीपासून सगळ्यांनाच एसपीएफ किंवा डीकेआयएम लागेल म्हणून सांगितलंय, तेव्हा जीमेलवाल्यांकडेही तुमचं हेच होत असणार. भाच्याला या धाग्यावर आणा.

बेदाणे सौदा | शनिवार, सायंकाळी ६.४४

आणतो. पण त्या परत आलेल्या कागदावर खाली एक फोन नंबर पण दिसतोय. लावू का?

कुपवाडचा पोस्टमास्तर | शनिवार, सायंकाळी ६.४५

लावा. खरेदीवाले सातपर्यंत असतात.